तुकोजीच्या खिडक्या आणि आमच्या

शिंदे की छावनी, ग्वाल्हेर
ऐन थंडी

ती. सुमनताईस,

धाकट्या महिपतचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात कमरेपर्यंतच वाकलो, पुढचा मनातल्या मनात पूर्ण केला आहे). तुझी शुगर कशी आहे? दाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जिवाला बरं वाटलं. ऐकलं म्हणजे तुकोजीकडून. तू त्याला फोन करतेस आणि मला करत नाहीस याचं मला काहीच वाटत नाही, फक्त कळवून ठेवतो. कोल्हापुरात तुम्हाला थंडी म्हणजे काय ते कळायचं नाही. इथे धुकं असं की समोरचा पानवाला दिसत नाही, नुसता खोकताना ऐकू येतो. आणि तो आमच्या घरात बसून खोकल्यासारखा ऐकू येतो, कारण आमच्या खिडक्या लागत नाहीत. मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिण्यात इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घे.

तुला ठाऊकच आहे, आजोबा गेल्यावर घराच्या मधोमध भिंत आली. अर्धं घर आपल्या वडिलांकडे आलं, अर्धं काकांकडे गेलं, आणि काकांमागे ते तुकोजीकडे. दर्शनी खिडक्या मात्र दोन्हीकडे सारख्याच राहिल्या, एकाच सुताराच्या, एकाच दिवशी बसवलेल्या. आता सरकारने घर संरक्षित ठरवल्यापासून साधा खिळा ठोकायचा तरी वारसा समितीची मंजुरी लागते. ती तुकोजीला मिळाली. (त्याला सगळंच मिळतं. लहानपणी पतंगसुद्धा कटून त्याच्याच गच्चीवर पडायचे.) त्याने दिवाळीनंतर नव्या खिडक्या बसवल्या, दुहेरी काचेच्या. त्या लावताना ‘टप्’ असा आवाज होतो. तो दिवसभर त्या उघडतो आणि लावतो, मला ऐकू यावं म्हणून.

तेही मी सोसलं असतं. पण तुझी भावजय राजलक्ष्मी आता जेवण झालं की विणकाम काखेत मारून तुकोजीच्या शरयूवहिनीकडे जाते, ती दिवेलागणीला परतते. गाल गुलाबी झालेले. आल्यावर म्हणते, “तिथे शाल लागत नाही हो!” मी इथे रजाईत बसून असतो. चहा कपातून बशीत पडेपर्यंत गार होतो. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोने दुपारभर शेजारी जाऊन बसावं, तेही माणसासाठी नव्हे, खिडकीसाठी! माणूस असता तर भांडता तरी आलं असतं.

म्हणून मीही अर्ज केला. त्या ऑफिसच्या चकरा मारून चपलेचा अंगठा तुटला, ते सोड. शेवटी पाहणीला स्मृती नावाची मुलगी आली. पोरगी आपल्याच लोकांतली, पण दर दुसरं वाक्य हिंदीत. ती आधी तुकोजीकडेही येऊन गेली होती आणि तेव्हा तुकोजीने काय सांगितलं ते मी याच खिडकीत उभा राहून ऐकलं होतं (न लागणाऱ्या खिडकीचा तेवढा एक उपयोग). तो म्हणाला होता, “अहो मॅडम, कसला इतिहास घेऊन बसलात! आमचे आजोबा पागेत घोड्यांना दाणा घालायचे. खिडक्या टोपी बाजारातल्या कबाड्याकडून उचललेल्या.” ताई, माझं रक्त उकळलं. आजोबांना दाणा घालायला लावला त्याने, खिडकीपायी!

तर स्मृतीने मलाही विचारलं, “काका, या पण कबाड्याकडच्याच ना?” मला नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. तिच्या पाठीमागे उभी राहून राजलक्ष्मी मान हलवून हलवून ‘हो म्हणा, हो म्हणा’ असं खुणावत होती. पण माझ्या तोंडून निघालं, “छे, ते त्यांच्या बाजूचे आजोबा.”

त्यानंतर मला थांबता आलं नाही. दसऱ्याच्या स्वारीचा हत्ती आपल्या खिडकीखाली थांबायचा, आजोबा इथूनच मुजरा करायचे, वरची वेलबुट्टी राजवाड्याच्या सुताराची, सगळं सांगितलं. पोरगी जमिनीवर मांडी घालून बसली आणि फोटो काढत सुटली. म्हणाली, “काका, कमाल आहे! और आप इन्हें बदलना चाहते हैं? पाप लागेल!”

निकाल आला. तुकोजीच्या खिडक्या बिनमहत्त्वाच्या होत्या, बदलल्या त्याला हरकत नाही. आमच्या पहिल्या दर्जाच्या. बदलायच्या नाहीत, रंधा मारायचा नाही, फटीत कागदसुद्धा कोंबायचा नाही. त्या दिवसापासून राजलक्ष्मी सकाळचा चहाही तिकडेच घेते.

बाकी सर्व ठीक. मला कुणाचा हेवा वाटत नाही. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
महिपत

ता. क. आता खरं कारण लिहितो. तू घरातली सगळ्यात मोठी. तुझ्या सहीने समितीला कळव की खिडक्या कबाड्याकडच्याच आहेत आणि हत्ती माधवगंजावरून जायचा, आपल्या गल्लीत तो मावलाही नसता. आजोबांबद्दल मात्र दाणा लिहू नकोस, निदान घोडेस्वार लिही.

आणखी एक ता. क. वरचं काही करू नकोस. पाकीट चिकटवायच्या आत समितीची माणसं पितळी पाटी घेऊन आली आणि आपल्या बाजूला ठोकून गेली (खिळे ठोकायला त्यांना मंजुरी लागत नाही). तीवर हत्ती आहे, मुजरा आहे, सगळं आहे. तुकोजी अनवाणी गल्लीत आला, पाटी वाचली, घरात जाऊन चष्मा आणला आणि पुन्हा वाचली. दिवसभर ‘टप्’ झालं नाही. ताई, त्या रात्री मी रजाईशिवाय झोपलो.

शेवटचा ता. क. तुकोजी आता जेवण झालं की “जरा टेकतो” म्हणून आमच्या खिडकीत येऊन बसतो. फिरायला आलेले लोक पाटीसमोर फोटो काढतात. त्यांना तो गोष्ट सांगतो, आणि त्याच्या गोष्टीत हत्ती दोन असतात. कालपासून आजोबा सरदार झाले. राजलक्ष्मी आणि शरयूवहिनी पलीकडे उबेत बसतात आणि आम्हाला चहा पाठवतात, तो इथे येईस्तोवर गार. त्या आम्हाला हसत असणार, पण त्यांच्या खिडक्या पक्क्या लागतात, ऐकू येत नाही. त्याला सांगितलंय, माझी जागा उजवीकडची, तू डावीकडे बस. खोकतोय बिचारा. तेव्हा तुमच्याकडून दोन लोकरी कानटोप्या पाठव. मोठ्या मापाची त्याला, चांगल्या लोकरीची मला.