आईचे तोडे आणि मंद आच

११ जानेवारी, शनिवार
धाकट्या भावाच्या, राजरत्नच्या मुलीचं बारसं सव्वीसला. आईची इच्छा: तिचे हातातले चांदीचे तोडे मोडून नातीला वाटी करायची. बाबांनी पहिल्या बोनसमध्ये घेतलेले तोडे. नौपाड्यातला सोनार म्हणाला, तांबं बरंच आहे, गाळून देतो. मी नको म्हटलं. परत येणारी चांदी आईचीच, हे कोण सांगणार? मी केमिस्ट्रीचा बीएस्सी. स्वतः शुद्ध करणार.
यात अहंकार आहे का? प्रामाणिकपणे तपासलं. नाही.

१२ जानेवारी, रविवार
गॅलरीत काम. तोडे ॲसिडमध्ये विरघळले. लालसर धूर, सुंदर निळं पाणी. आईने विचारलं, तोडे कुठे गेले रे? म्हटलं, या पाण्यातच आहेत. ती बराच वेळ भांड्यात बघत राहिली.
रचना म्हणाली, तोडे असतीलही, कुंडीतला कढीपत्ता मात्र धुराने गेला. बायकोशी वाद टाळला.

१८ जानेवारी, शनिवार
पाणी आटवून निळे खडे मिळाले. आता सगळी मेख आचेत. मंद आचेवर तांब्याचा क्षार मोडून काळा पडतो, चांदीचा नुसता वितळतो. मग पाणी घातलं की चांदीचा क्षार विरघळतो, काळं गाळणीत राहतं. आच वाढली तर चांदीचाही क्षार मोडतो आणि सगळं पुन्हा एकत्र. म्हणजे वेळेवर थांबायचं. तेवढा संयम माझ्यात आहे.

१९ जानेवारी, रविवार
सकाळ. खडे मंद आचेवर. वितळल्यावर त्यातलं चिमूटभर पाण्यात टाकून पाहिलं. पाणी किंचित निळं. अजून थोडी आच.
दुपार. पाणी स्वच्छ. रचना म्हणाली, झालं ना, उतरव आता. पण मला बशीत निळसर झाक दिसली. ती म्हणाली, अरे, बशीवर निळी वेल आहे! असेल. पण पुतणीच्या तोंडात तांबं गेलं तर? आच वाढवली.
संध्याकाळ. पुन्हा लालसर धूर. मघाचाच उरलेला असावा.

२२ जानेवारी, बुधवार
पाणी घातलं. काहीच विरघळलं नाही. गाळणीत काळा गोळा. चांदी आणि तांबं, पुन्हा एकत्र. तत्त्वतः काहीही गमावलेलं नाही. फक्त तोडे नाहीत.
आईला सांगितलं, काम अंतिम टप्प्यात.

२६ जानेवारी, रविवार
डोंबिवलीला बारसं. नाव कल्पिता ठेवलं. आईने स्टीलच्या वाटीत बोट बुडवून साखरपाणी चाटवलं. वाटीबद्दल कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.
येताना शीळफाट्याला गाडी अडकली. आई म्हणाली, बाळा, वाटीचं राहू दे. माझे तोडे दे मला. मी समजावलं: पुन्हा ॲसिड, पुन्हा मंद आच, या वेळी नक्की थांबेन. तिने सगळं ऐकून घेतलं.
घरी आल्यावर तिने गोळा ठेवलेली डबी मागितली. काळा गोळा आधी डाव्या मनगटाशी धरून पाहिला, मग उजव्या.
म्हटलं, आई, चांदी यातच आहे.
म्हणाली, असेल की. तू म्हणतोस ना.