लोखंडाला घाम फुटतो तेव्हा

अप्पा,

हे पत्र बुसानला धाडणार नाहीये, म्हणून तर मोकळेपणानं लिहितेय.

'जहाजावर मुली हव्यात' म्हणून कंपनीनं माझा फोटो इंटरनेटवर टाकला. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर मास्क, हात कठड्यावर. नाव नाही. खाली नुसती भांडणं जुंपलीत. सगळ्यात जास्त लाइक कुणा 'म्हाताऱ्या कप्तानाला': "फोटोपुरता कठडा धरलाय पोरीनं! धुक्याआधी लोखंडाला घाम फुटतो, हे हिला कोण शिकवणार?"

हे वाक्य मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलंय. बुसानमधल्या योंगदोच्या धक्क्याला तुमचं जहाज लागलं होतं, तेव्हा माझा तळवा कठड्यावर दाबून धरत तुम्हीच म्हणाला होतात.

काल जेवताना जहाजावरच्या चीफ ऑफिसरसाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. "काय गं, शिकवलं का कुणी?" किमचीचा रस्सा भुरकत सगळे खिदळले. मीही हसले. तुमचं नाव घ्यावं तर तुमची शोभा, न घ्यावं तर माझी. उठून जावं तर चहूकडे पाणी. नोकरी सोडावी तर "बघा, टिकली नाही," म्हणायला तुम्हीच पुढे.

आई फोनवर सांगते, "लेकीचं कौतुक करताना थकत नाहीत तुझे अप्पा." तेही खरंच असणार. म्हणून तर धड चिडताही येत नाही.

तो फोटो मला न सांगता काढला होता, अप्पा. मी लोखंड चाचपत होते. हात ओला झाला, तशी धावत जाऊन कॅप्टनना सांगितलं.

थोड्याच वेळात धुकं उतरलं.

तुमचीच,
हे-वॉन