उलट्या पट्टीचा शर्ट

बारक्या,

अनेक आशीर्वाद.

माझा उजवा हात लुळा पडला तेव्हा तू म्हणालास, "दादा, मशीन विकून टाक, दुकान बंद कर आणि दोघं माझ्याकडे राहायला या." चांगल्या मनानं म्हणालास, पण मला झोंबलं.

मग मी डाव्या हाताला शाळेत घातलं. सुरुवातीला त्याला कात्री धड पेलेना. कापड उंदरानं कुरतडल्यासारखं दिसायचं. तुझी वहिनी हसायची आणि त्याच चिंध्यांची पायपुसणी शिवायची. आता घरात पाय चार आणि पायपुसणी उदंड!

काल पहिला शर्ट पुरा झाला. कॉलर अशी बसलीय की बोट ठेवायला जागा नाही. मी ऐटीत हँगरला लावला, तर वहिनी हसता हसता खालीच बसली. डाव्या हातानं आखताना मी सगळंच उलटं केलं होतं. काजं उजव्या पट्टीवर, बटणं डावीवर, अगदी बायकांच्या शर्टासारखी! मी उसवायला घेतला, तर तिनं हिसकावून घेतला.

"खबरदार! डावखुऱ्या शिंप्याचा शर्ट आहे, कळू दे की लोकांना."

एवढं लिहिलं खरं, पण पत्र टाकत नाही. नुसता शर्टच पाठवतोय, काय ते तोच सांगेल. तुझ्याच मापाचा आहे. घालताना तुझा उजवा हात बटणांपाशी अडखळेल. तेव्हा चिडू नकोस. डाव्यानं लावून बघ.

जमतं रे.

तुझा,
डावखुरा दादा