रविवारची दाढी

प्रिय धाकटे मालक,

गिऱ्हाइकं अजून याच नावाने तुझी चौकशी करतात, म्हणून मीही तेच लिहिलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घे. शाळेत मी फार टिकलो नाही. वाचायला शिकलो तो दुकानातल्या शिळ्या वर्तमानपत्रांवर, गिऱ्हाइकाची वाट बघता बघता.

घरी सगळं ठीक आहे. तुझी आई मात्र माझ्यावर फुरंगटली आहे, आणि त्याला कारण माझी दाढी. चांगली वाळल्या गवतासारखी माजली आहे. ती म्हणते, "अहो, दुकानाच्या पायरीवर असे बसू नका, लोक हातावर नाणं ठेवून जातील!" मास्तर तर खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाले, "सलूनवाल्याचीच ही तऱ्हा, मग आम्ही मान कुणाच्या भरवशावर द्यायची?" मी नुसता हसलो. दाढीचं गुपित अजून आईलाही सांगितलेलं नाही.

हो, तेच मास्तर. त्यांच्या हनुवटीवरची खूण आता शोधूनही सापडत नाही. अजून सवयीने तुझ्याच खुर्चीत जाऊन बसतात, आणि धाकट्याचा हात हलका होता हो, असं माझ्याच तोंडावर सांगतात. त्या सकाळी तुझा हात थरथरला, रक्त आलं, तू वस्तरा तसाच टाकून बाहेर गेलास. पण दुसऱ्या दिवशी तूच आलास ना रे, बाबा, मला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडा म्हणत? आम्ही सगळे सांगून थकलो होतो. रक्ताच्या त्या थेंबाला मी वैरी मानत नाही.

गेल्या भेटीत तू आईला म्हणालास, दारू सुटली, पण वस्तरा आता धरणार नाही, गोदामात ओझी उचलीन. ओझी उचलण्यात कमीपणा नाही, बाळा. पण भीतीपोटी जाशील, तर तीही पोत्यावर चढून बसेल आणि दुप्पट वजन तुझ्याच पाठीवर येईल.

लहानपणी वस्तरा फुग्यावर शिकलास, आठवतं? फुग्याला फेस फासायचास, जीभ बाहेर काढून पातं लावायचास, आणि फट्! सगळं तोंड साबणाने माखलेलं. रडवेला होऊन म्हणायचास, "बाबा, फुगाच वाईट आहे!" मी दुसरा फुगवायचो. गाल दुखून यायचे, पण फुगवायचो. पहिला फुगा न फुटता लख्ख झाला, त्या दिवशी तो उशाशी घेऊन झोपला होतास.

केंद्रात पाती-वस्तरे कुलपात असतात, ते योग्यच आहे. बाहेरचा माणूस येऊन तुमच्या दाढ्या करतो आणि एक कल्ला वर, एक खाली ठेवतो, हे मी पाहिलंय.  घरी आल्या आल्या तुझ्या समुपदेशक ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हात कधीच स्थिर झालाय हो त्याचा, मन तेवढं मागे रेंगाळलंय." मी त्यांच्याकडे एक परवानगी मागितली. थोडा विचार करून हो म्हणाल्या.

तर रविवारी मी पेटी घेऊन येतोय. ताई शेजारी बसतील. वस्तरा तू धरायचा, आणि मान माझी. नको म्हणालास तर रागावणार नाही. दाढीसकट परत जाईन आणि पुढच्या खेपेला आणखी लांब घेऊन येईन. आईची बोलणी खायला मी खंबीर आहे. हात थरथरला तर थांब, श्वास घे, पुन्हा फेस लाव. कापलंच तर तुरटी आहे. इतके फुगे फुगवले तुझ्यासाठी. आता गाल फुगवून मीच बसतो समोर.

तुझाच,
दाढीवाला बाबा