सुलेखाकाकूंना कुणी काढलं नाही

तीर्थस्वरूप शुभामावशीस,

हेमचंद्रचा अमेरिकेतल्या पार्सिपनीहून, खुर्चीत बसूनच केलेला, साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आमचं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुझी नणंद, सुलेखाकाकू, आमच्या डब्यांच्या किचनमध्ये पोळ्या करायच्या. मार्चमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी त्या आपणहून काम सोडून दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला गेल्या. तिथे जावयाने (आयटीतला, उत्साही) त्यांच्या नावाने बेकारीभत्त्यासाठी ऑनलाइन अप्लाय केलं. आमच्या राज्याच्या सरकारने मला विचारलं, बाई का गेल्या? आता वडीलधाऱ्या बाईबद्दल ‘आम्हाला सोडून गेल्या’ असं सरकारला कसं कळवायचं? बरं दिसत नाही. मी कळवलं, कामच कमी झालं होतं, चूक आमची. भत्ता मंजूर झाला.

तुझ्या सुनेने, नेत्राने (हिशेब तीच बघते, मी फक्त बोलणी खातो) कपाळाला हात लावला. इथे प्रत्येक मालकाचं सरकारकडे एक खातं असतं. त्यात आपण किती भरलं आणि आपल्या माणसांनी भत्ता किती उचलला, हे पगाराशी ताडून बेकारी विम्याच्या कराचा पुढचा रेट ठरतो. माणूस आपणहून गेला तर भत्ता नाही, खात्याला धक्का नाही. आपण कमी केला तर रेट चढतो. (राज्याचा कर वेळेवर भरला की केंद्राच्या करात सूट मिळते. ती आम्हाला मिळते. एवढं एकच काय ते धड चाललंय.) नेत्रा म्हणाली, रेट चढला तर भाजी चिरणाऱ्या रीमाला खरोखरच काढावं लागेल, मग तिच्यापायी आणखी चढेल. खरं कळवून टाक. मी उद्यावर ढकलत राहिलो. सरकारने काकूंकडून पैसे परत मागितले असते ना.

तेवढ्यात जावयाने काकूंना कौतुकाने सांगितलं, की तुम्हाला कामावरून कमी केलं म्हणून हे पैसे येतात. झालं. काकूंनी त्यालाच राज्याला फोन लावायला लावला आणि स्वतः बोलल्या, “मला कुणी काढलं नाही. मी सोडलं. माझ्या हातच्या पोळ्या खाऊन मला काढेल कोण?” जावयाने म्हणे घाम पुसत भाषांतर केलं. काकूंनी सगळा भत्ता परत केला. आमचं खातं स्वच्छ झालं, रेट जागेवर राहिला. मला राज्याने नीट झापलं, ते रास्तच होतं.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
हेमचंद्र

ता. क. काकू माझा फोन उचलत नाहीत. मी फार दुखावलं गं त्यांना. तू एकदा बोल.

ता. क. २. बाळ आता मोठं झालं असेल तर त्या परत येतील का, तेही विचार. सध्या पोळ्या मी करतो. आधी तक्रारी यायच्या. आता ऑर्डरीच येत नाहीत.