नदीपलीकडे एकही माणूस नाही

पीटर्सबर्ग, ४ फेब्रुवारी १८६९

तीर्थस्वरूप वर्लामदादांस,
धाकट्या पोर्फिरीचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या परराष्ट्र खात्यास न पुसता तुम्ही नदी ओलांडून काराताशचा किल्ला घेतलात, हे वर्तमान मंत्रिमहोदयांस प्रातःकालीन कॉफीसमवेत प्राप्त झाले. कॉफी सांडली. नदीपलीकडे आपला एकही माणूस नाही, असे वचन त्यांनी आदल्याच दिवशी इंग्रज वकिलास दिले होते. आणि त्यांचे वचन, ते म्हणतात, असत्य ठरत नाही. गव्हर्नरसाहेब, हट्ट सोडा. ईस्टरला आई वाट पाहते आहे. लोभ दुरून वाढवण्यापेक्षा घरी येऊन वाढवावा.

काराताश, ११ मार्च

चि. पोर्फिरीस वर्लामचे अनेक आशीर्वाद.

हे लेखणीशूरा, साम्राज्याचा विस्तार दौतीतून होत नसतो, हे तुझ्या मंत्र्यास सविनय निवेदन कर. ज्या भूगोलाचे तो चित्र पाहतो, त्यावर माझे बूट आहेत.

येथे सर्व क्षेम. इतकेच, की हल्ली बाजारातली कुत्री आमच्यावर भुंकत नाहीत. रोट्या विकणारा नानबाई नाकासमोरून पाटी नेतो. हाक मारली, तर वारा सुटल्यासारखी टोपी सावरतो. सार्जंट गाव्रिला म्हणतो, हा आपला दरारा. मी मान डोलावली. दरारा इतका निःशब्द नसतो, हे त्यास सांगितले नाही. आईस नमस्कार, तुझ्या खात्यास नाही.

पीटर्सबर्ग, २२ एप्रिल

ती. दादांस शि. सा. न.

मंत्र्यांनी ते वचन आता मोहोर लावून लेखी दिले. त्यानंतरच्या ईस्टरच्या जेवणास आईने तुमचे पान मांडले नाही. मी विचारले, तर हसून म्हणाली, कोणता दादा रे? भिंतीवरच्या तुमच्या तसबिरीत मागची खुर्ची तेवढी स्वच्छ दिसते. थट्टा पुरे. मला तुम्ही अजून आठवता, तोवर निघा.

काराताश, २७ मे

बाळ पोर्फिरी,

काल एक इंग्रज अधिकारी पाहणीस आला. माझ्यासमोर बसला. मी स्वहस्ते ओतलेला चहा प्यायला आणि किल्ला निर्जन असल्याचे टिपून घेतले. मी त्याच्या कानाशी ओरडलो. त्याने कॉलर वर केली.

शिपायांसह नदीवर गेलो. नावाड्याने रिकाम्या काठाकडे पाहावे तसे पाहिले. आम्हीच वल्ही मारली. नाव फिरून याच काठाला लागली.

मी हरलो, हे मंत्र्यास सांग. पद काढा, बेड्या घाला. परंतु ज्यास दंड करावयाचा, असा कोणी माणूस येथे आहे, एवढे मान्य करा.

तुझाच दादा

पीटर्सबर्ग, १ जुलै

महाशय,
सा. न. वि. वि.

आपले पत्र टपालाच्या प्रमादाने मजकडे आले. नदीपलीकडे आपला एकही माणूस नाही, हे आता इंग्रजांच्या अहवालानेही सिद्ध झाले असून मंत्रिमहोदय प्रसन्न आहेत. आपण मला बाळ म्हणता, हे माझ्या टकलास भूषणावह असले, तरी मी मातोश्रींचा एकुलता एक पुत्र आहे.

मात्र आपले अक्षर दिसताच तिने पत्र माझ्या हातून ओढून घेतले, उराशी धरले, आणि रडत रडत मलाच विचारले, की हे कोणाचे रे?

तरी आपण कोण, तेवढे कृपया कळवावे. ती जेवत नाही.

आपला अपरिचित,
पोर्फिरी