जुनी गोळी, नवी गोळी

२ जाने., गुरुवार

मंदार आणि मी डॉक्टरांकडे जाऊन आलो. ठरलं. जुनी गोळी बंद करायची, नवी सुरू. एकदम नाही. नवी वाढवत न्यायची, जुनी कमी करत आणायची. इथे नुसतं जु. आणि न. लिहीन, ती लांबलचक नावं पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा येतो.

जु. सतरा वर्षं घेतेय, बारावीपासून. शेवटची फिट सात वर्षांपूर्वी, लग्नाच्याही आधी. मंदारला ठाऊक सगळं आहे, पण त्याने मला फिटमध्ये कधी पाहिलेलं नाही. जु.मुळे केस गेले, अंग सुटलं, पण सात वर्षं तिनेच मला उभं ठेवलं. आता म्हणे मूल हवं असेल तर ही पोटात नको, बाळात व्यंग येऊ शकतं. आधी कधीच कोणी का नाही सांगितलं, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

नुसत्या न.वर तीन-चार महिने फिटशिवाय गेले तर मुलाचा विचार. नाही गेले तर? डॉ. त्यांच्या गुजरातीत म्हणाले, "तो जोइशुं." बघू म्हणे. त्यांचं काय जातंय.

३ जाने., शुक्र.

आमच्या तरसाली भागातल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून न. आणली. दुकानदाराने सवयीने पाकिटावर पेनाने खरडलं : सवार-सांज, जम्या पछी. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. सासूबाईंनी पाकीट फ्रिजवर चिकटवून टाकलं, चुंबकाखाली. घरात आता तोच वेद.

स्कूटर बंद. शाळेत रिक्षाने. मंदारने आज बाथरूमची कडी काढून टाकली. स्क्रू खिशात घालून कारखान्यात निघून गेला, जसं काही मी परत बसवणार होते.

९ जाने., गुरु.

न. चालू होऊन सहा दिवस. झोप झोप झोप. सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना फळ्यावर काय लिहिलं तेच वाचता येईना. शाळेत सांगून ठेवलंय, चक्कर येते. फिट म्हटलं की पालक दारात उभे राहतील.

१४ जाने.

उत्तरायण. अख्खी सोसायटी पतंग घेऊन अगाशीवर, गच्चीत. मी खाली. कठड्याशी उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, मंदारने त्याचं अगाशीवर पायच ठेवायचा नाही केलं. दिवसभर वरून काय पो छे, काय पो छे. समोरच्या हंसाबेन उंधियू देऊन गेल्या, "मेघनाबेन, उपर नथी आवता?" म्हटलं पाय मुरगळलाय. लंगडत दार लावलं. नंतर स्वतःचीच लाज वाटली, एकटी असतानाही दोन पावलं लंगडले होते.

मंदार दुपारी उतरला, बोटं मांज्याने कापलेली. म्हणाला, "पुढच्या वर्षी." काय पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी एक तर पोटात असेल, नाहीतर काहीच नसेल.

२२ जाने., बुध.

न. पूर्ण डोसवर आली. राग येतो. साधा नाही, कानशिलं तापतात. आज सासूबाईंनी विचारलं, "मेघना, भात लावू का?" एवढंच. मी ओरडले, "मला काय विचारता, हात नाहीत का तुम्हाला?" त्यांनी कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, खोलीत गेल्या. सहा वर्षांत मी त्यांना तोंड वर करून बोललेली नाही.

डॉ.ना फोन. म्हणे काहींना होतं असं, महिनाभर बघा. मी काही नाही, माझ्या घरातली माणसं बघणार आहेत महिनाभर.

३ फेब्रु., सोम.

जु. कमी करायला सुरुवात. सकाळची बंद, आता फक्त रात्रीची. रात्रीची आधी अर्धी, मग तीही बंद.

आज सकाळी ती गोळ्यांच्या डबीत नव्हती. हात जाऊन रिकामाच परत आला. वाईट वाटलं. गोळीसाठी कोणाला वाईट वाटतं का? मला वाटलं.

९ फेब्रु., रवि.

सहा दिवस झाले. रोज सकाळी जाग आली की आधी जीभ चाचपते, चावली गेलीय का. मग अंथरूण. कोरडं असलं की उठते.

सासूबाई म्हणाल्या, "या महिन्यापासून संकष्टी धर. मीही तुझ्या नावाने धरीन." त्या गेली चाळीस वर्षं धरतातच, आता एक माझ्या खात्यावर. एरवी हसले असते. हो म्हटलं. माझा विश्वास आहे का? भीती आहे. भीतीला एवढं पुरतं.

१२ फेब्रु.

पुन्हा भांडण, मीच. ताटलीच आपटली. सासूबाईंनी तुकडे गोळा केले, मला हात लावू दिला नाही. "तू बस," म्हणाल्या, "तुझ्या पायात जाईल." रडू आलं. त्यांना माफ करा म्हणायचं होतं, तेही रागातच निघेल या भीतीने म्हटलं नाही.

१६ फेब्रु., रवि.

आज संकष्टी. मंदारचा ओव्हरटाइम, रात्री उशिरा येईल. दुपारपासून नारळ खवतेय, मोदक करायचे ठरलंय. चंद्रोदय पावणेदहाच्या पुढे.

१९ फेब्रु., बुध.

आली.

सोमवारी सकाळी, चहा ठेवताना. मला काही आठवत नाही. रविवारचंही जवळजवळ नाही. वरच्या दोन ओळी माझ्याच अक्षरात आहेत, पण लिहिल्याचं आठवत नाही. नारळ खवल्याचं तेवढं आठवतं, मग एकदम जमीन, तोंडात रक्ताची चव आणि मंदारचा चेहरा. तो चेहरा मी कधीच बघायला नको होता.

हंसाबेन धावत आल्या होत्या म्हणे, "कांदो सुंघाडो, कांदो!" अजून केसांना कांद्याचा वास आहे. मंदारने दातांत चमचा घातला. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलेलं, तोंडात काही घालायचं नाही. पुढचा दात कोपऱ्यावर तुटला. तो सारखा तेच म्हणतोय, "माझ्या हातून झालं." मी म्हटलं, दात आहे, जाऊ दे. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

सात वर्षं. पुन्हा एकपासून मोजायचं.

२० फेब्रु., गुरु.

शाळेत गेले नाही. अंग ठणकतंय, दंड काळे-निळे. पडून विचार करत होते. एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

उपास होता. गोळी जम्या पछी. रविवारी सकाळी मी जेवले नसणार, केळंबिळं खाल्लं असेल. मग सकाळची न. घेतली का? मी स्वतःला ओळखते. "जेवण तर चंद्रोदयानंतर," म्हणून वाटीत काढून ठेवली असेल. सकाळची रात्रीला ढकलली. मग रात्री एक घेतली, का दोन, का मोदकांच्या गडबडीत एकही नाही?

डबीचा रविवारचा खण रिकामा आहे. पण मी गोळ्या आधी काढून ठेवतेच, त्यावरून काही कळत नाही. वाट्या सगळ्या धुतलेल्या.

गोळी चुकली असेल तर दोष न.चा नाही. न. चालू ठेवता येईल. मूल होऊ शकेल. गोळी चुकली नसेल, सगळं वेळेवर घेऊनही आली असेल, तर संपलंच.

एका गोळीवर सगळं येऊन ठेपलंय आणि ती मी गिळली की नाही ते मला माहीत नाही.

२१ फेब्रु., शुक्र.

मंदारला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग, "मेघना, तुला मूल हवंय म्हणून तू असं म्हणतेयस."

"मला खरंच वाटतं."

"तुला आठवत नाही, तूच म्हणालीस. मग वाटतं कसं?"

मग तो म्हणाला, मला मूल नको. जुनी गोळी परत पूर्ण चालू कर. मी ते परत बघू शकत नाही. तुझे डोळे वर गेले होते, ओठ निळे पडले होते, मला वाटलं तू गेलीस. एवढं तो सहा वर्षांत एका दमात बोललेला नाही.

मला राग यायला हवा होता. एरवी भाताच्या प्रश्नावर येतो. आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. ऐकलंच असेल, भिंती पातळच.

२३ फेब्रु., रवि.

सासूबाईंना विचारलं, संकष्टीच्या दिवशी मी गोळी घेताना तुम्ही पाहिलंत का? म्हणाल्या, "सकाळी मी देवळात गेले होते. रात्री मोदक उकडत होते. लक्ष नव्हतं, बाई."

बरं.

२५ फेब्रु., मंगळ.

डॉक्टरांकडे. तिघं गेलो, सासूबाई येतेच म्हणाल्या. रिक्षात मी मध्ये.

डॉ.नी विचारलं, गोळी चुकली होती? मंदारने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उपास होता... नक्की माहीत नाही..." तेवढ्यात सासूबाई. गुजरातीत, सरळ, एक शब्द न अडखळता : डॉक्टरसाहेब, सकाळची गोळी मीच घेऊ दिली नाही. पाकिटावर जम्या पछी लिहिलंय, उपासाला जेवण कुठलं, म्हणून म्हटलं रात्री घे. रात्री चंद्र दिसेस्तोवर दहा वाजले. जेवल्यावर हिने जुनी तेवढी घेतली. नवी वाटीत राहिली, सकाळी मी वाटीसकट धुवायला टाकली. मारी भूल.

डॉ.नी कपाळाला हात लावला. ही गोळी उपाशीपोटीही चालते, जेवणाशी काही संबंध नाही, घड्याळाशी संबंध आहे! दुकानदाराच्या अक्षरावर काय जाता? म्हणजे दोन डोस गेले, त्यात जुनी नुकतीच कमी केलेली. मग येणारच. नवीचा दोष नाही. न. किंचित वाढवली. जु. ठरल्याप्रमाणे, शनिवारपासून रात्रीची अर्धी.

मंदार उठून बाहेर गेला.

मी सासूबाईंकडे बघत होते. परवा म्हणाल्या, देवळात गेले होते, लक्ष नव्हतं. आज वाटीसुद्धा आठवली.

२७ फेब्रु., गुरु.

मंदार दोन दिवस मोजकंच बोलतो. आईशीही. काल ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "आई, तुला हे आधी का नाही आठवलं?" त्या म्हणाल्या, "तुझ्यापुढे हिंमत झाली नाही." तो जेवण अर्धं सोडून उठला.

आज दुपारी त्या मेथी निवडत बसल्या होत्या. जवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, खरं सांगा. मी रागावणार नाही. मी त्या दिवशी गोळी घेतली होती का?"

काड्या बाजूला, पानं बाजूला.

"मी डॉक्टरांना सांगितलं ते तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण मला आधी म्हणालात..."

"तुला काय हवंय ते मला ठाऊक आहे, मेघना."

हे काय उत्तर झालं? खरं बोलल्या असतील तर त्यांनी स्वतःची चूक कबूल केली, लेकाच्या नजरेतून उतरल्या. खोटं बोलल्या असतील तर माझ्यासाठीच बोलल्या, की नातवंडासाठी? मी त्यांना हात नाहीत का म्हणाले होते. आज त्यांच्या हातांकडे बघत बसले. जास्त विचारलं तर त्या खरं सांगतील, असं वाटलं. आणि मी विचारलं नाही. मलाच ते नको होतं.

१ मार्च, शनि.

जु. आजपासून अर्धी. मंदारला कापायला सांगितलं तर म्हणाला, "मी नाही कापणार." सुरी पुढे ठेवली, तिथेच खुर्चीवर बसून राहिला. मीच कापली. भुगा पडला थोडा, तो बोटाने टिपून खाल्ला. सतरा वर्षांची सवय, वाया घालवायची नाही.

नऊला घेतली. अर्धी जु. आणि वाढवलेली न. सासूबाईंनी पाणी आणून दिलं, ग्लास रिकामा होईपर्यंत उभ्या राहिल्या.

मंदारने गादी खाली जमिनीवर घातलीय, मी पडू नये म्हणून. तो माझ्या बाजूला, जागाच आहे. डोळे मिटून घेतलेत पण श्वासावरून कळतं. मला खूप भीती वाटते. ती कोणाला सांगू? या घरात थांब म्हणणारा एकच माणूस आहे, आणि त्याला सांगितलं तर तो उद्याच थांबवेल.